तुमची परिषद टोकियोत नाही, माकुहारीत आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरमध्ये टोकियोला चार दिवसांची आंतरराष्ट्रीय परिषद आहे, शोधनिबंध स्वीकारला गेलाय, पहिलाच परदेश प्रवास, खाणं पूर्ण शाकाहारी. शिंजुकूला एक हॉटेल स्वस्तात मिळतंय, ते घ्यावं का? आणि शहर बघायला किती दिवस जास्तीचे ठेवावेत? स्थळ म्हणून तुम्ही माकुहारी मेस्से लिहिलंय, तेही जाता जाता. माझ्या मते अख्ख्या प्रश्नात कळीचा शब्द तोच आहे.

कारण माकुहारी टोकियोत नाही. ते शेजारच्या चिबा प्रांतात आहे, टोकियोच्या उपसागरात भराव टाकून केलेल्या जमिनीवर. १९८९ साली तिथे हे प्रचंड प्रदर्शन-केंद्र उभं राहिलं. परदेशी पाहुण्यांना चिबा कुठे माहीत असणार, म्हणून निमंत्रणांवर सर्रास टोकियो छापलं जातं. नारिता विमानतळाचंही तेच, तोही चिबातच आहे.

मी भू-तंत्र अभियंता आहे, माती आणि भूकंप हा माझा विषय. त्या निमित्ताने जपानला आठ-नऊ वेळा जाणं झालं, त्यातलं दोनदा माकुहारीला. पहिल्या खेपेला मी नेमकी तुमच्यासारखीच चूक केली होती. शिंजुकूला राहिले आणि चार दिवस गाडीत उभी राहून काढले. त्यामुळे ‘शिंजुकू की शिबुया’ या वादात मी पडणारच नाही. परिषदेच्या दिवशी तुमच्या हातात स्वतःचे असे जेमतेम तीन तास उरतात. ते कशात घालवायचे हे हॉटेल ठरवतं, म्हणून हिशोब तिथूनच सुरू करायचा.

शिंजुकूचा हिशोब करून बघा. हॉटेलपासून फलाटापर्यंत दहा-पंधरा मिनिटं. स्टेशनला दोनशेच्या वर दरवाजे आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी याहून जास्तच लागतील. तिथून चुओ लाइनच्या फास्ट गाडीने टोकियो स्टेशन पंधरा मिनिटं. नकाशावर हे सोपं दिसतं, कारण पुढे ‘गाडी बदला’ एवढंच लिहिलेलं असतं. पण माकुहारीला जाणाऱ्या केइयो लाइनचे फलाट टोकियो स्टेशनात म्हणायचे एवढंच, प्रत्यक्षात ते बाकीच्या फलाटांपासून लांब दक्षिणेला आणि जमिनीखाली बरेच खोल आहेत. त्याचं कारणही गमतीचं आहे. ती जागा नारिताला जाणाऱ्या शिन्कान्सेनसाठी, म्हणजे बुलेट ट्रेनसाठी राखलेली होती. ती योजना बारगळली आणि १९९० मध्ये केइयो लाइन तिथे आणून सोडली. सरकते पट्टे आहेत, तरी गर्दीत बॅग सांभाळत चाललं की दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. मग गाडीत तीस ते चाळीस मिनिटं आणि उतरल्यावर तुमचं सभागृह कुठल्या टोकाला आहे त्यावर पाच ते दहा मिनिटं चालणं. एका बाजूचा दीड तास झाला. जाऊन-येऊन तीन तास, म्हणजे तुमच्याकडे उरणारे सगळेच.

मग राहायचं कुठे? हे दोन गोष्टींवर ठरेल: पैसे कोण देतंय आणि संध्याकाळी तुम्हाला काय हवंय.

संस्था पैसे देत असेल आणि पोटात गोळा आणणारं पहिलं सादरीकरण असेल, तर सरळ माकुहारीत राहा. काइहिन-माकुहारी स्टेशन आणि मेस्से यांच्या आसपास बरीच हॉटेलं आहेत. दुपारी खोलीवर येऊन अर्धा तास पडता येतं, पोस्टरची नळी ठेवता येते, आणि रात्री नऊला स्लाइडमध्ये चूक सापडली तरी घाम फुटत नाही. तोटा एवढाच की कार्यालयं सुटली की तो भाग रिकामा वाटतो. रुंद रस्ते, काचेच्या इमारती, माणसं कमी.

खर्च स्वतःचा असेल किंवा संध्याकाळी शहर हवंच असेल, तर माझा सल्ला हात्चोबोरी. हे नाव प्रवासाच्या यादीत सहसा दिसत नाही. टोकियो स्टेशन सोडल्यावर केइयो लाइनवरचं हे पहिलंच स्टेशन. फास्ट गाड्याही थांबतात, म्हणजे ती भुयारातली पायपीट वाचते. शिवाय हिबिया ही मेट्रो लाइन याच स्टेशनातून जाते. एका बाजूला पुढचं स्टेशन त्सुकिजी, मग गिन्झा. दुसऱ्या बाजूला अकिहाबारा आणि उएनो. आजूबाजूला जपानी लोक ज्यांना बिझनेस हॉटेल म्हणतात तशी साधी हॉटेलं आहेत. खोली इतकी लहान की बॅग उघडली की दार उघडत नाही, पण स्वच्छ. खाली नाणी टाकून चालणारं धुलाईयंत्र. भाडं बऱ्याचदा खोलीवर नसून माणशी असतं, तेव्हा कुणाबरोबर राहणार असाल तर आकडा नीट बघून घ्या.

केइयो लाइनबद्दल तीन गोष्टी आत्ताच सांगून ठेवते, कारण त्या कुठल्याही परिषदेच्या माहितीपत्रकात नसतात.

एक, फलाट तोच पण गाडी वेगळी. टोकियो स्टेशनच्या त्याच फलाटांवरून मुसाशिनो लाइनच्याही गाड्या सुटतात. त्यातल्या बऱ्याच मध्येच आतल्या बाजूला वळतात आणि माकुहारीला जातच नाहीत. केइयोचा पट्टा गडद लालसर, मुसाशिनोचा नारिंगी. रंगावर विसंबू नका, गाडीवरचं शेवटचं स्टेशन वाचा. आणि सकाळी डोक्याला मिकी माउसचे कान लावलेल्या पोरींनी डबा भरला तर चुकलो की काय असं वाटून घेऊ नका, टोकियो डिस्नेलँडचं माइहामा स्टेशन याच मार्गावर आहे. तिथे सगळा घोळका उतरतो आणि बसायला जागा मिळते.

दोन, माकुहारी नावाची स्टेशनं बरीच आहेत. माकुहारी, माकुहारी-होन्गो, काइहिन-माकुहारी आणि २०२३ पासून माकुहारी-तोयोसुना. तुम्हाला हवं ते काइहिन-माकुहारी. काइहिन म्हणजे समुद्रकिनारा, असं लक्षात ठेवा. परिषदेला आलेला एक परदेशी प्राध्यापक नुसत्या माकुहारीला उतरून बॅग ओढत अर्ध्या तासाने, आपलं सत्र संपायच्या बेतात असताना पोचलेला मी पाहिलाय.

तीन, ही गाडी वाऱ्याला थांबते. मार्ग उपसागराच्या कडेने, उंच पुलांवरून जातो, आणि वारा ठरावीक वेगापलीकडे गेला की वाहतूक बंद होते किंवा रखडते. ऑक्टोबर म्हणजे वादळांचा हंगाम पुरता सरलेला नसतो, आणि टोकियोत पाऊसही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सगळ्यात जास्त. पर्याय म्हणून सोबु लाइनने माकुहारी-होन्गोला जाऊन तिथून बस घ्यायची. हा रस्ता फोनमध्ये आधीच काढून ठेवा. गाडी उशिरा आली तर स्टेशनवर उशिराचा दाखलाही मिळतो, एक चिठोरं असतं. सत्राध्यक्षाला ते दाखवलं की चेहऱ्यावरची आठी जाते, हे स्वानुभवाने सांगते.

आता विमानतळ. नारिताला उतरत असाल तर एक फायदा पदरात पडतो: नारिताहून टोकियोला जाणारा द्रुतगती मार्ग माकुहारीवरूनच जातो. विमानतळावरून माकुहारीच्या हॉटेलांपर्यंत थेट बस आहे, पाऊण तासाच्या आतबाहेर पोचवते. लोक हौसेने आधी टोकियो स्टेशनला जातात आणि तिथून पुन्हा उलटं येतात. हानेदा या टोकियोच्या दुसऱ्या विमानतळाहूनही बस आहे. हात्चोबोरीला राहणार असाल तर हानेदा जवळ. मोठी बॅग असेल तर विमानतळावरच ताक्क्युबिनच्या, म्हणजे सामान पोचवणाऱ्या सेवेच्या काउंटरवर द्या, ती बहुतेकदा दुसऱ्या दिवशी हॉटेलवर येते. कपड्यांचा एक जोड आणि सादरीकरणाचं सगळं सामान मात्र पाठीवर ठेवा.

पोचायचं कधी? सत्राच्या आधी एक पूर्ण दिवस मोकळा हवा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. हे काही अमेरिकेसारखं नाही, म्हणून लोक आदल्या रात्री पोचतात. पण टोकियोत सकाळचे नऊ म्हणजे तुमच्या शरीराचे साडेपाच. विमानात रात्र गेलेली, आणि नऊ-वीसला तुम्ही माइकसमोर. काय होतं ते मी तुम्हाला सांगू शकते, मी समीकरणातली एक ओळ चक्क मोठ्याने वाचून काढली होती, स्पष्टीकरण न देता.

व्हिसाबद्दल एवढंच: भारतीय पारपत्रावर पर्यटनासाठी मिळणारा ई-व्हिसा पर्यटनासाठीच आहे. तुम्ही निबंध वाचायला चाललाय, तेव्हा परिषदेच्या कारणानेच अर्ज करा. त्याला निमंत्रणाचं कारण सांगणारं पत्र आणि मुक्कामाचा दिनक्रम अशी कागदपत्रं जपानमधल्या आयोजकांकडून लागतात. ‘तुमचा निबंध स्वीकारला आहे’ ही ईमेल म्हणजे ती कागदपत्रं नव्हेत. मोठ्या परिषदांमध्ये एकच बिचारा सचिव शेकडो परदेशी लोकांची पत्रं करत असतो आणि विनंतीला शेवटची तारीख असते. नोंदणी शुल्क भरल्याशिवाय बरेच आयोजक पत्र देत नाहीत. नाव पारपत्रावर आहे तसंच, त्याच क्रमाने कळवा. नेमकी यादी दूतावासाच्या संकेतस्थळावरून घ्या, कुणाच्या जुन्या अनुभवावरून नको, माझ्याही नको.

औषधांचं लोक विसरतात. डॉक्टरांनी दिलेली औषधं महिन्याभरापुरती आणि दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी दोन महिन्यांपुरती नेता येतात, त्याहून जास्त हवी तर आधी परवानगी घ्यावी लागते. पण काही औषधं मुळातच चालत नाहीत. सर्दीच्या गोळीत स्युडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती बंद. कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. घरातली सर्दी-खोकल्याची पट्टी उचलून बॅगेत टाकण्याआधी मागचे घटक वाचा. खाण्याच्या सामानात मांस असलेलं काहीही आणि ताजी फळं-भाज्या नको, कोरडा खाऊ चालतो.

आणि प्लग. जपानमध्ये १०० व्होल्ट आणि दोन चपट्या पिना. लॅपटॉपचा चार्जर आणि फोन १०० ते २४० व्होल्टवर चालतात, फक्त अडॅप्टर हवा. तीन पिनांचा प्लग तिथल्या साध्या सॉकेटमध्ये जात नाही. २२० व्होल्टचा केस वाळवायचा ड्रायर नेलात तर तो फुंकर मारल्यासारखा चालेल. हॉटेलात असतोच, नेऊ नका.

आता जिथे खरं काम आहे ते, सादरीकरण.

तिथे वेळ घंटेने मोजतात. सत्रात बाजूला एक विद्यार्थी टेबलावरची घंटा घेऊन बसलेला असतो. वेळ संपायच्या थोडं आधी एक टोल, बोलण्याची वेळ संपली की दोन, आणि प्रश्नोत्तरांसकट सगळी वेळ संपली की तीन. टोल नेमके कितव्या मिनिटाला हे परिषदेगणिक बदलतं, सत्राआधी विचारून घ्या. मला कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्या टोलाला मला वाटलं कुणाचा तरी फोन वाजला, मी थांबून हसले, आणि समोर कुणीच हसलं नाही. दोन टोल पडले की अध्यक्ष तुम्हाला अडवणार नाही, गप्प बसून राहील, पण सभागृहातली हवा बदललेली तुम्हाला जाणवेल. पंधरा मिनिटं असतील तर तेराची तयारी करा.

दुसरं, तिथल्या श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांचं इंग्रजी वाचन ऐकण्यापेक्षा चांगलं असतं. आपल्याकडे उलट सांगतात, की स्लाइडवर चार शब्द ठेवा आणि बाकी बोला. तिथे मी मुख्य निष्कर्ष स्लाइडवर पूर्ण वाक्यात लिहिते आणि तेच वाक्य सावकाश बोलते. आपली इंग्रजी बोलण्याची गती त्यांना झेपत नाही, उच्चारांपेक्षा गतीचाच प्रश्न मोठा. प्रत्येक स्लाइडवर क्रमांक मोठ्या अक्षरात घाला, कारण प्रश्न ‘स्लाइड सात’ असाच सुरू होतो.

आणि प्रश्न आला नाही तर निबंध पडला असं समजू नका. सभागृहात शांतता पसरते, मग अध्यक्षच एखादा सौम्य प्रश्न विचारून ती मोडतो. खरे प्रश्न चहाच्या वेळी येतात. कुणीतरी शांतपणे जवळ येतो, कार्ड देतो, तुमच्या आलेखाची छापील प्रत काढतो आणि पेन्सिलने एका बिंदूवर टेकवून विचारतो, ‘हा एकच बिंदू रेषेबाहेर का?’ माझ्या कामातली सगळ्यात उपयोगी टीका मला अशी कॉफीच्या रांगेत मिळाली आहे. त्यामुळे सत्र संपल्या संपल्या शहर बघायला पळू नका, अर्धा तास बाहेर रेंगाळा.

कार्डं छापून न्या, निदान पन्नास. विद्यार्थी असलात तरी न्या. देताना दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याला सुलट दिसतील अशी. घेतल्यावर वाचा, निदान वाचल्यासारखं करा. बसून बोलत असाल तर ते टेबलावर समोर ठेवा, मागच्या खिशात कोंबू नका. कोण कुठे भेटला हे त्याच्यासमोर कार्डावर खरडू नका, ते रात्री खोलीवर.

एका संध्याकाळी कोनशिनकाई असेल, म्हणजे परिषदेचं स्नेहभोजन. त्याचे पैसे वेगळे असतात. जा, पण आधी खाऊन जा. बहुतेकदा उभ्याने, टेबलांवर मांडलेलं जेवण, आणि पहिल्या अर्ध्या तासात ते फस्त होतं. तुमच्यासाठी त्यात फळं आणि बटाट्याचे तळलेले काप एवढंच असेल. भाषणं होतात, मग ‘कान्पाई’ म्हणून पेले उंचावतात. तोवर कुणीही घोट घेत नाही. दारू घेत नसाल तर ऊलाँग चहा मागा, तो सगळीकडे असतो आणि कुणाला काही वाटत नाही. वेळ झाली की कुणीतरी पुढे येतो, सगळे हात तयार ठेवतात, आणि एकाच वेळी एकच टाळी. ती टाळी म्हणजे संपलं. गप्पा अर्ध्यावर असल्या तरी लोक निघतात, तुमचा राग आलेला नसतो. त्यानंतर काही जण दुसऱ्या ठिकाणी जातात, त्याला निजिकाई म्हणतात. तुम्ही ज्यांचं काम निबंधात वापरलंय असं कुणी बोलावत असेल तर जा, नाहीतर झोपा. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास सुटतात, आणि त्यानंतर हात्चोबोरीपर्यंत टॅक्सी म्हणजे दिवसभराचं बजेट.

शाकाहार. इथे मी गोड बोलणार नाही: टोकियोत ते जमतं, पण सहज जमत नाही. अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे बहुतेकदा वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क, आणि तो मिसो सूपमध्ये, उदोन-सोबा या शेवयांच्या रश्शात, भाजीच्या रश्शातसुद्धा असतो. ‘मी शाकाहारी आहे’ असं सांगितलंत तर मांसाचे तुकडे काढतील आणि रस्सा तोच देतील, मनापासून, तुमचं भलं चिंतून. म्हणून काय खात नाही ते नावानिशी सांगा: निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासे, तामागो म्हणजे अंडं, आणि दाशी. जपानीत लिहिलेला मजकूर फोनवर तयार ठेवा. अ‍ॅलर्जीच्या तक्त्यावर भिस्त नको. पाकिटावर अंडं, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा असे मोजकेच घटक छापणं सक्तीचं आहे, मासे त्या सक्तीच्या यादीत नाहीत.

रोजचा आधार म्हणजे कोन्बिनी, कोपऱ्याकोपऱ्यावरची चोवीस तासांची दुकानं. भाताच्या त्रिकोणी ओनिगिरीत उमे, म्हणजे खारवलेला आंबट प्लम घातलेली घ्या. वेष्टनावर १, २, ३ आकडे असतात. एकची पट्टी वरून खाली पूर्ण सोलायची, मग दोन आणि तीन ही टोकं बाजूंना ओढायची, की कुरकुरीत समुद्रशेवाळ भाताभोवती आपोआप बसतं. क्रम चुकला की शेवाळ वेष्टनातच राहतं आणि हातात नुसता भात. कडक पाळत असाल तर घटकांच्या यादीवर फोनचा भाषांतराचा कॅमेरा धरा, काहींमध्ये माशाचा अर्क असतो. टोकियो स्टेशनच्या आत, केइयो फलाटांकडे जातानाच्या दुकानांच्या रांगेत टीज् तानतान नावाचं पूर्ण वनस्पतिजन्य रामेनचं, म्हणजे रश्शातल्या शेवयांचं दुकान आहे. त्या लांब चालण्याचं मला सापडलेलं एकमेव सार्थक. खोलीत पाणी उकळायची किटली जवळजवळ नेहमीच असते, तेव्हा गरम पाण्यात होणारं काहीतरी चार वेळांपुरतं न्या. बक्षिसी कुठेही द्यायची नाही.

पैशांचं आणि कार्डाचं आटोपते. सुइका किंवा पास्मो यापैकी गाडीभाड्याचं एक कार्ड घ्या, दोन्ही सगळीकडे चालतात. आयफोन असेल तर सुइका फोनमध्येच घेता येतं. जपानबाहेर घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर सहसा होत नाही. पर्यटकांसाठीचा मेट्रोचा २४, ४८, ७२ तासांचा पास तुम्हाला परिषदेच्या दिवसांत उपयोगाचा नाही, कारण केइयो लाइन जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची आहे आणि तो पास जेआरवर चालत नाही. रोख पैसे सेव्हन-इलेव्हनमधल्या यंत्रातून काढा. हजार येनची नवी नोट हातात आली की जरा बघा. २०२४ पासून तिच्यावर कितासातो शिबासाबुरो आहेत, धनुर्वाताचा जंतू प्रथम शुद्ध स्वरूपात वाढवणारे. परिषदेला निघालेल्या माणसाने रोज खिशात एक शास्त्रज्ञ बाळगावा, मला आवडतं ते.

पारपत्र कायम जवळ ठेवा, परदेशी पाहुण्याला तिथे ते कायद्याने बंधनकारक आहे.

भूकंप. विषय माझा, त्यामुळे आवरतं घेते. फोन अचानक कर्कश वाजला आणि सगळ्यांचेच वाजले, तर टेबलाखाली जा किंवा डोकं झाका. बाहेर धावू नका. उंच हॉटेलात इमारत सावकाश, बराच वेळ झुलते, ती तशीच बांधलेली आहे. बातमीत दिसणारा आकडा रिश्टरचा नसतो. तो शिन्दो, म्हणजे त्या ठिकाणी किती हादरलं याचं माप, शून्य ते सात. तीन म्हणजे झुंबर हललं, लोक बोलत राहतात. ११ मार्च २०११ ला टोकियोच्या काही भागात तो ‘पाच वरचा’ होता, म्हणजे पाचाच्या दोन पायऱ्यांतली वरची. गाड्या बंद पडल्या आणि लाखो लोक चालत घरी गेले किंवा अडकून पडले. केइयो लाइनच्या मार्गावरच्या उरायासु गावात भरावाची वाळू पाण्यासारखी झाली आणि मॅनहोलच्या टाक्या रस्त्यातून वर उगवल्यासारख्या आल्या. मी पहिल्यांदा या मार्गावर गेले ते त्याच्याच अभ्यासासाठी. म्हणून माझं एकच सांगणं: हॉटेलपासून परिषदेपर्यंतचा रस्ता एकदा कागदावर उतरवून ठेवा, फोनमध्ये नव्हे.

शेवटी शहर. परिषदेच्या दिवसांत यादी करू नका, एक संध्याकाळ एक जागा. माकुहारीत राहिलात तर एक दिवस सत्र लवकर सोडून मागच्या किनाऱ्यावर जा. हवा स्वच्छ असेल तर उपसागरापलीकडे सूर्य मावळताना फुजीची आकृती दिसते. हात्चोबोरीला राहिलात तर रात्री असाकुसाचं सेन्सोजी मंदिर. मुख्य सभामंडप पाचला बंद होतो आणि म्हणूनच लोक जात नाहीत. आवार रात्रभर उघडं असतं, दिवे लागलेले, कंदिलाखाली चार-दोन माणसं. दिवसा तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. शिंजुकूला जायचंच असेल तर महानगर सरकारच्या इमारतीत जा. २०२ मीटर उंचीवरचा सज्जा फुकट आहे आणि रात्री उशिरापर्यंत उघडा असतो.

जास्तीचे दिवस दोन, आणि तेही परिषदेनंतर. आधी ठेवलेत तर निबंध डोक्यात घोळत राहतो आणि मंदिरासमोर उभं राहून तुम्ही स्लाइड बदलत बसता, हे मी केलंय. शेवटच्या दिवशी मुक्काम उएनोला हलवा. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि सोमवारी सरकारी सुट्टी आली तर मंगळवारी. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार सुट्टीचा असतो, तारखा त्याप्रमाणे लावा. उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय एक सकाळ घेईल. मेइजी जिंगू या शिंतो देवस्थानाचं अरण्य सूर्योदयाला उघडतं, तिथे लवकर जा. ते शंभर वर्षांपूर्वी माणसांनी झाडं लावून उभं केलेलं आहे, यावर आत गेल्यावर विश्वास बसत नाही.

आणि एक जागा माझ्या हट्टाखातर: र्योगोकुजवळचं योकोआमिचो उद्यान. १ सप्टेंबर १९२३ ला दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना मोठा भूकंप झाला. लोक घरातलं सामान घेऊन इथल्या मोकळ्या मैदानात जमले, आणि आगीच्या वावटळीत या एका जागी सुमारे ३८ हजार माणसं गेली. आज तिथे स्मारक आणि छोटं संग्रहालय आहे, फुकट. बाहेर उघड्यावर त्या आगीत वाकलेलं, वितळलेलं लोखंड ठेवलंय. शेजारी शाळेतली मुलं दप्तरं टाकून खेळत असतात. पाऊण तास पुरतो.

शिंजुकूचं बुकिंग केलं असेल तर फुकट रद्द करायची मुदत आजच बघा. परिषदेच्या तारखा जाहीर झाल्या की माकुहारीची हॉटेलं आधी भरतात, हात्चोबोरीची त्यानंतर.